सायांग

१८ सप्टेंबर २०२५ च्या दुपारी बहारीनमध्ये, मनामामधल्या आमच्या ऑफिसच्या पँट्रीत मायक्रोवेव्हची घंटी वाजून थांबली, थोड्या वेळाने पुन्हा वाजली, तरी आतला डबा काढायला कोणीच उठले नाही. जेवणाची सुट्टी संपून बराच वेळ झाला होता. सिंकपाशी मी माझा डबा विसळत होते आणि माझ्या पाठीमागे पाच माणसे एका फोनसमोर श्वास रोखून बसली होती. फोन सिरक्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला होता. मनिलाच्या मॉल ऑफ एशिया अरिनामध्ये तेव्हा रात्र पडली होती आणि पुरुषांच्या जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धेत यजमान फिलिपिन्सचा इराणशी पाचवा सेट चालू होता. पाचवा सेट पंधरा गुणांचा, पण दोन गुणांची आघाडी मिळेपर्यंत तो संपत नाही. पंधरा कधीच उलटून गेले होते. सोळा, सतरा, अठरा. मी नळ बंद केला, कारण पाण्याचा आवाज मलाच नकोसा झाला. ते जिंकले असते तर आपल्याच घरी, आपल्याच माणसांसमोर बाद फेरीत गेले असते. बावीस-वीस झाले. इराणचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर कोसळले. आमच्या स्टोअरच्या कुयाने हात लांब करून फोन अलगद पालथा घातला, म्हणाला, “सायांग,” आणि उठून मायक्रोवेव्हमधला भात काढला.

त्याच्या आवाजात राग नव्हता आणि रडूही नव्हते. दुधाची पिशवी फुटलेली बघून आपण जसा एक सुस्कारा टाकू, तसा तो शब्द आला. तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही.

कुया म्हणजे तगालोग या फिलिपिनो भाषेत दादा. तो पन्नाशीला टेकला आहे आणि अख्ख्या ऑफिसचा कुया आहे. मी त्याला कुया म्हणते, तो मला मॅम म्हणतो, आणि हुद्द्याच्या कुठल्याही हिशेबात न बसणारी ही व्यवस्था गेली कित्येक वर्षे बिनबोभाट चालू आहे. सायांग हा शब्द मी त्याच्या तोंडून पूर्वीही ऐकला होता. प्रिंटरमध्ये कागद अडकून फाटला की सायांग. सुपरमार्केटमधली सवलत काल संपली, सायांग. चांगल्या गळ्याची एखादी पोरगी गाणे सोडून हिशेबनीस झाली, तरी सायांगच. मराठीत त्याच्यासमोर काय ठेवावे याचा मी त्या रात्री बराच विचार केला. “वाया गेले” म्हणावे तर त्यात दोष येतो. “हुकले” म्हणावे तर त्यात नेमबाजी येते. “हातातोंडाशी आलेला घास” जवळचा वाटतो, पण त्यात तो घास कोणीतरी हिरावलेला असतो. सायांगमध्ये कोणी काही हिरावत नाही. वस्तू मोलाची होती एवढे मान्य केलेले असते, आणि ती आता नाही एवढेच सांगितलेले असते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. शनिवारी संध्याकाळी मी त्याला सहज निरोप पाठवला, की तुमच्या संघातला तुझा आवडता खेळाडू कोण? मला वाटले होते, तो कर्णधार ब्रायन बागुनासचे नाव घेईल. इराणच्या सामन्याच्या दोनच दिवस आधी इजिप्तला हरवून जागतिक स्पर्धेतला आपला पहिलावहिला विजय त्यांनी मिळवला होता, त्यात बागुनासचे पंचवीस गुण होते. कुयाने उत्तरात एक जुनी चित्रफीत पाठवली आणि खाली लिहिले: “बागुनास आता सगळ्यांचा आहे, मॅम. मार्क आधीचा आहे.”

मार्क म्हणजे मार्क एस्पेहो. जन्म १९९७ चा, गाव मारिकिना, मनिलाच्या कुशीतले, चपला-बुटांच्या कारखान्यांसाठी नावाजलेले. उंची सव्वासहा फुटांच्या आसपास, जी आपल्याला पुष्कळ वाटते आणि जागतिक व्हॉलीबॉलमध्ये बेताची ठरते. तो आतेनेओ दे मनिला विद्यापीठाकडून खेळायला लागला तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता, आणि पहिल्याच हंगामात त्याला उत्कृष्ट नवोदित आणि सर्वोत्कृष्ट खेळाडू असे दोन्ही मान एकदम मिळाले. मग २०१४ ते २०१८ अशी सलग पाच वर्षे, म्हणजे विद्यापीठात होता तेवढी सगळी वर्षे, सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. मधली तीन वर्षे, २०१५, २०१६ आणि २०१७, आतेनेओ विजेते होते. तिथल्या विद्यापीठ लीगचे वेड आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांवरून समजणार नाही. टीव्ही, जाहिराती, शाळेच्या रंगांत न्हालेली घरे, जावई कोणत्या विद्यापीठाचा यावरून जेवणाच्या टेबलावर रंगणारे वाद. असा मुलगा त्या देशात घरोघरी पोचला असेल असे मला स्वाभाविकच वाटले.

कुया म्हणाला, तसा पोचला, पण सामना कधी असायचा ते विचार.

त्या वर्षांत सामन्यांच्या दिवशी पुरुषांचे सामने सकाळी आठला आणि दहाला होत, महिलांचे दुपारी दोनला आणि चारला. फिलिपिन्समध्ये व्हॉलीबॉल म्हणजे मुलींचा खेळ आहे. एस्पेहोच्याच विद्यापीठाची अलिसा वाल्देझ खेळायला उतरायची तेव्हा वीस-वीस हजारांची सभागृहे भरत, पोरीबाळी तिच्या नावाचे फलक रंगवून आणत. आणि त्याच सभागृहात, त्याच जाळीवर, ती जाळी एकोणीस सेंटिमीटर वर सरकवलेली असताना, सकाळी आठ वाजता देशातला सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडू उड्या मारत असे. कुयाने पाठवलेली चित्रफीत तशाच एका सकाळची असावी. मागच्या खुर्च्या रांगेने रिकाम्या आहेत. त्यामुळे आवाज फार स्वच्छ येतो: बुटांची करकर, चेंडू तळहाताला लागतो तो कोरडा फटका, राखीव खेळाडूंचे ओरडणे आणि कुठेतरी खुर्चीची बैठक आपटून मिटल्याचा आवाज. भरलेल्या सभागृहात यातले काहीही ऐकू आले नसते.

मला हे ऐकून गंमत वाटली, थोडा आनंदही झाला, आणि त्या आनंदाची नंतर जराशी लाज वाटली. आपल्याकडे हे गणित कायम उलटे होते. बायकांच्या सामन्यांना रिकामे स्टँड, गैरसोयीच्या वेळा, कोणाच्या तरी मेहेरबानीने मिळालेले मैदान. २०२५ च्याच नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्या रात्री मी भरलेले स्टँड बघून रडले होते. तेव्हा एका देशात तरी बायका चार वाजता आणि पुरुष आठ वाजता खेळत, हे ऐकून “बरे झाले” असा शब्द मनात आला. पण मग त्या मुलाचा चेहरा बघावा. तो रिकाम्या खुर्च्यांकडे एकदाही बघत नाही.

सकाळच्या सामन्यांचे मला एवढे का लागावे, याचे कारण माझा दादा. सोलापूरच्या आमच्या भागात पहाटे यंत्रमागांची पाळी बदलायची, आणि तेव्हाच दादा कॉलेजच्या संघात जायला निघायचा. जिल्ह्याच्या स्पर्धांमध्ये कबड्डीला संध्याकाळ मिळे, क्रिकेटला अख्खा दिवस मिळे, व्हॉलीबॉलला उन्हे चढायच्या आतली वेळ मिळे. मी सातवी-आठवीत असेन. पाण्याचा कॅन आणि कडक भाकरीचे फडके सांभाळत मी चुन्याच्या रेघेबाहेर बसलेली असे. प्रेक्षक मोजायचे झाले तर मी, मैदानाचा वॉचमन आणि एक कुत्रे. दादा स्मॅशर होता. उडी मारली की तो क्षणभर वर अडकून राही, आणि मला वाटे की हा आता खाली येणारच नाही. त्याच्या उजव्या गुडघ्याला कायम निळा बेल्ट असे. एका वर्षी एका निवड चाचणीला त्याला चुकीची वेळ कळवली गेली. तो पोचला तेव्हा यादी लागून गेली होती. घरी आल्यावर त्याने तो विषय काढला नाही आणि आम्हीही विचारले नाही. काही महिन्यांनी त्याला नोकरी लागली. चेंडूतली हवा काढून तो माळ्यावर ठेवला गेला, आणि मग उन्हाळ्यात वाळवणाच्या कुरडयांवर कावळे हाकायला आई त्याचे जाळे वापरू लागली.

एस्पेहोचा जो सामना त्याचे चाहते अजून सांगतात तो एप्रिल २०१८ मधला, विद्यापीठातल्या शेवटच्या वर्षाचा, फार ईस्टर्न विद्यापीठाविरुद्धचा उपांत्य सामना. पाच सेट चालला आणि त्यात त्याने एकट्याने पंचावन्न गुण मिळवले. आकडा मोठा आहे हे कळते, पण किती मोठा ते कळायला जरा हिशेब मांडावा लागतो. पाच सेटचा सामना जिंकणाऱ्या संघाच्या खात्यात साधारण शंभर-एकशेदहा गुण जमतात, आणि त्यातले चांगले वीस-पंचवीस समोरच्याच्या चुकांनी फुकट आलेले असतात. उरलेल्यांपैकी बहुतांश एकाच हाताने मारलेले. प्रत्येक गुणामागे एक उडी, आणि जे फटके परत आले, अडवले गेले, बाहेर गेले, त्यांच्या उड्या वेगळ्याच. जाळी दोन मीटर त्रेचाळीस सेंटिमीटरवर. मी त्या सामन्याचे तुकडे पुन्हा पुन्हा पाहिले. शेवटी शेवटी सेटर, म्हणजे चेंडू उचलून देणारा, तो कोणाला देणार हे समोरच्या सहाही जणांना ठाऊक आहे, सभागृहाला ठाऊक आहे, तिघेजण आधीच हात वर करून त्याच्यासमोर भिंत बांधून उभे आहेत. तो तीन मीटरच्या रेषेमागून धावत येतो, दोन्ही हात मागे पंखांसारखे नेतो, आणि चेंडू त्या भिंतीच्या सगळ्यात बाहेरच्या हाताच्या करंगळीला घासून बाहेर काढतो. जोराने मारलेला फटका नव्हे तो. दमलेल्या माणसाने शोधून काढलेली फट आहे.

अंतिम फेरीत मात्र आतेनेओ नॅशनल विद्यापीठाकडून हरले. पंचावन्न गुणांच्या त्या सामन्यातून चषक आलाच नाही. विजेत्या नॅशनलच्या संघात बागुनास होता.

जाळीवरून चेंडू असा खाली हाणणे, हे मुळात फिलिपिन्सनेच जगाला शिकवले, हे मला कुयाने सांगितले तेव्हा मी ते देशाभिमानाच्या खात्यात टाकले होते. नंतर कळले की खरे आहे. व्हॉलीबॉल अमेरिकेत जन्मला तो पोट सुटलेल्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांनी शांतपणे चेंडू टोलवत राहावा म्हणून. १९१० मध्ये वायएमसीएच्या लोकांनी तो मनिलाला आणला, आणि १९१६ च्या सुमारास तिथल्या पोरांनी एकाने चेंडू उंच उचलायचा आणि दुसऱ्याने उडी मारून तो पलीकडे आपटायचा अशी युक्ती काढली. तिला ते “बोम्बा” म्हणत. आज जगात जो कोणी स्मॅश मारतो तो बोम्बाच मारतो. खेळाचा आत्मा ज्यांनी दिला त्यांचा पुरुष संघ पुढे दशकानुदशके आग्नेय आशियातही मागे पडला. उंची, पैसा, बास्केटबॉलचे वेड, संघटनांची भांडणे, अशी बरीच कारणे कुया सांगतो. तो सांगत असताना मला आपल्या हॉकीची आठवण येत राहिली.

विद्यापीठ संपल्यावर एस्पेहो जपानला गेला, क्यूशू बेटावरच्या ओइता मियोशी संघात. तळाच्या बाजूचा संघ. परदेशी खेळाडू म्हणजे गुण आणायला ठेवलेला माणूस. जे विद्यापीठात केले तेच इथे करायचे, फरक एवढाच की समोरची भिंत आता एक वीतभर उंच. पुढच्या वर्षी त्याच संघाने बागुनासला घेतले. एस्पेहो मग थायलंडच्या विसाखा क्लबकडे गेला, मग बहारीनला बनी जमराकडे, मग पुन्हा जपानला एफसी टोकियोकडे. त्याचा तो हंगाम संपला आणि त्या क्लबने व्हॉलीबॉलचा संघच सोडून दिला. तो दुसऱ्यांच्या हातात जाऊन वेगळ्या नावाने उभा राहिला. मधल्या काळात तो मायदेशी सिग्नल या उपग्रह टीव्ही सेवेच्या संघाकडून खेळे, आणि पुढे क्रिस क्रॉस किंग क्रंचर्स या संघात गेला. हे नाव मी दोनदा वाचले. तिथल्या लीगमध्ये संघांना मालाचीच नावे असतात. वाल्देझचा महिला संघ क्रीमलाइन, तर त्याच घराण्याचा पुरुष संघ कुरकुरीत खाऊच्या नावाचा. पाच वर्षे देशातला सर्वोत्कृष्ट ठरलेला माणूस छातीवर “क्रंचर्स” लिहून खेळतो याचे मला आधी हसू आले. मग आठवले की दादाच्या संघाच्या बनियनवर एका शेंगाचटणीवाल्याचे नाव होते, आणि ते त्याला फार शोभायचे.

बनी जमराचे नाव ऐकून मी चमकले. मनामाहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत येणारे ते गाव मी पाहिलेले आहे. तिथे हातमाग आहेत. आई इथे आली होती तेव्हा मी तिला मुद्दाम तिथे घेऊन गेले होते. सोलापूरची बाई, तिने विणकराच्या शेजारी बसून धाग्याला हात लावला, काठ उलटा करून पाहिला, आणि भाषेची एक ओळ सामायिक नसताना त्या माणसाशी पंधरा मिनिटे गप्पा मारल्या. त्याच गावच्या क्लबकडून कोविडच्या काळात एस्पेहो खेळून गेला. मी इथेच होते. ऑफिस, घर, मास्क, पुन्हा ऑफिस. कुयाला ठाऊक होते. त्याच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना ठाऊक होते. माझ्यासमोर बसून तो तेव्हा भात जेवत होता आणि मी त्याला कधी विचारले नव्हते की फोनवर काय बघतोस.

मधेच एकदा सगळे जुळूनही आले होते. डिसेंबर २०१९, दक्षिण-पूर्व आशियाई क्रीडास्पर्धा मनिलात, आणि उपांत्य फेरीत समोर थायलंड, सलग चार वेळचा सुवर्णविजेता. फिलिपिन्स पाच सेटमध्ये जिंकले, शेवटचा सेट सतरा-पंधरा. एस्पेहो आणि बागुनास दोघे एकाच बाजूला. बेचाळीस वर्षांनी त्यांचा पुरुष संघ अंतिम फेरीत पोचला. कुया सांगतो, त्या रात्री त्यांच्या खोलीत आठ जण होते आणि शेजारच्या पाकिस्तानी ड्रायव्हरने काय झाले म्हणून दार वाजवले, तर त्यालाही आत ओढून पॅनसित, म्हणजे त्यांच्याकडच्या नूडल्स, खायला घातले. दोन दिवसांनी इंडोनेशियाने त्यांना सरळ तीन सेटमध्ये हरवले. रौप्य मिळाले. त्या रौप्याबद्दल मात्र कुया सायांग म्हणत नाही. मी मुद्दाम विचारून पाहिले. “नाही मॅम, ते मिळाले ना,” असे तो म्हणाला.

मग २०२३ ला कोरिया. तिथल्या लीगने आशियाई खेळाडूंसाठी प्रत्येक संघात एक जागा उघडली आणि कोरियन एअरच्या संघाने एस्पेहोला निवडले. त्या मोसमात तो संघ ओळीने चौथ्यांदा विजेता झाला, त्या लीगमध्ये पूर्वी कोणालाही जमले नव्हते. या यशात एस्पेहोचा मैदानावरचा वाटा लहान होता. बराच वेळ तो बाकावरच असे. अंगातला ट्रॅकसूट काढायचा, दोन-चार गुणांपुरते आत जायचे, पुन्हा चढवायचा. पंचावन्न गुण मारले त्या वर्षी चषक नाही, आणि बाकावर बसला त्या वर्षी चषक. या माणसाच्या कारकिर्दीला चांगली म्हणावे की सायांग म्हणावे, यावर मी आणि कुयाने एकदा चहाच्या दोन कपांएवढा वाद घातला. माझे म्हणणे, जो पाच देशांत उड्या मारून जगला त्याला सायांग म्हणायचे म्हणजे अतीच झाले. कुया म्हणाला, सायांग त्याच्यासाठी नाहीच, तो तर खेळला. सायांग सकाळी आठ वाजता आम्ही झोपलेले होतो म्हणून.

यावर मला काही उत्तर सुचले नाही. मी कप विसळले.

त्या रात्री मी ती रिकाम्या खुर्च्यांची चित्रफीत दादाला पाठवली. काही लिहिले नाही. नाव नाही, देश नाही, काही नाही. दादा आता चव्वेचाळीसचा आहे, गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, जिन्याने उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरतो. आमचे बोलणे आईची औषधे, सोसायटीचे पाणी आणि माझे तिकीट कधीचे, यापलीकडे सहसा जात नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि दोन दिवस काहीच आले नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसात असताना त्याचा आवाजी निरोप आला. मी तो पँट्रीत जाऊन कानाला लावून ऐकला. मागे स्कूटरचे हॉर्न होते. तो अधूनमधून थांबत बोलत होता, बहुधा चित्रफीत पुन्हा लावून बघत.

“पोरगं कोण हाय गं? शेवटचा पाय बघ त्याचा, डावा. लई उशिरा टाकतोय. ब्लॉकवाले आधी उडून बसतेत, मग हे वर जातंय. आम्हाला सर हेच सांगायचे, आम्हाला काय जमलं नाही.” मग जरा वेळ नुसतीच रहदारी. “आन् सकाळची मॅच दिसतीय.”